दुसरा कोस

आमच्या बाई कुणाला क्षमा करायला निघाल्या की गाव दारं लावून घ्यायचं.

हसू नका. डोळ्यांनी पाहिलेलं सांगते आहे. एकदा पाटलाचे बैल आमच्या बोर्डिंगच्या कुंपणातून आत शिरले आणि वांग्यांचा अख्खा वाफा फस्त करून गेले. दुसरी एखादी असती तर तिनं बैल कोंडवाड्यात घातले असते, शिव्या दिल्या असत्या, फार तर रडली असती. बाईंनी पदर खोचला आणि कोसभर चालत गाव गाठलं. दिवस कासराभर वर आला होता. बाया पाण्याला निघालेल्या, बाप्ये चावडीपुढं बसलेले. भर रस्त्यात उभं राहून बाईंनी खणखणीत आवाजात पुकारलं, "पाटील! तुमच्या बैलांनी माझी वांगी खाल्ली. मी तुमाला क्षमा केली हो! बैलांना बी केली!"

पाटील ओसरीवर दाढी करून घेत होते. एक गाल साफ, दुसऱ्यावर साबण, अशा अवतारात ते बाहेर आले. आधी डोळे वटारले, मग आवाज चढवला, आणि बाई हलत नाहीत असं दिसल्यावर हात जोडले. "बाई, दोन पायल्या ज्वारी पाठवतो. पण हे क्षमेचं बंद करा. लेकीसुना ऐकायल्यात."

"ज्वारी कशाला, पाटील? क्षमा फुकट हाय."

"तेच तर म्हणतो!" पाटील कळवळून म्हणाले. "शिवी द्या. शिवी परत तरी देता येते!"

अशा आमच्या बाई. उंच, काटकुळ्या, आणि चालायला लागल्या की आम्हा पोरींना मागून पळावं लागे. लुगडं साधं, पांढरं. पण झंपराला त्यांनी स्वतःच्या हातानं एक भला मोठा खिसा शिवून घेतला होता. बाईमाणसाच्या झंपराला खिसा त्या काळी परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल. त्यात सुईदोरा, तुरटीचा खडा, खोकल्यावरचा ज्येष्ठमध आणि रेल्वेच्या गार्डाची एक जुनी शिट्टी असे. प्रार्थनेची वेळ झाली की बाई शिट्टी फुंकत. नवीन आलेली पोर पहिल्या दिवशी हमखास विचारी, "गाडी कुटं हाय?"

प्रार्थना त्या डोळे उघडे ठेवून करायच्या. मिशनची गोरी मडम वर्षातून एकदा यायची, तिला हे खटकायचं. बाई तिला म्हणाल्या होत्या, "मडम, एकदा मी डोळे मिटले अन् कुत्र्यानं भाकरी नेली. देवाला मी दिसते. कुत्र्यावर मलाच ध्यान ठिवावं लागतंय."

आणि कोंबडे! शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, एकेका दुष्ट राजाचं नाव त्यांनी एकेका कोंबड्याला दिलं होतं. कारण असं, की बाईंना जीव मारवत नसे, आणि नाताळात तर रस्सा हवा. मग वर्षभर त्या कोंबड्याकडं बोट दाखवून आम्हाला त्या राजाचे अत्याचार सांगायच्या. डिसेंबर उजाडेपर्यंत आमचंच रक्त इतकं तापलेलं असायचं, की सुरी कुणी धरायची यावरून भांडणं व्हायची.

हे सगळं निजामाच्या राज्यातलं. पिंगळी स्टेशनावर उतरलं की काळ्या रानातून गाडीवाट निघते. एक कोसावर गाव आणि गावाची चावडी. तिथून आणखी एक कोस पुढं, उघड्या माळावर, आमचं बोर्डिंग. गावापासून एवढं लांब का? कारण आम्ही ज्या घरांतून आलो होतो ती घरं गावकुसाबाहेरची. मिशनला जागा मिळाली तीही त्याच हिशेबानं, नजरेआड. अठरा पोरी, एक विहीर, एक लिंबाचं झाड आणि एक खुर्ची. खुर्ची मडमची. एरवी तिच्यावर कुणी बसायचं नाही. तिच्यावर अभ्रा असे, आणि अभ्रा शनिवारी धुतला जाई.

आता बाईंच्या डब्याचं सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल.

मडमनं दिलेल्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात बाईंनी चिठ्ठ्या भरून ठेवल्या होत्या. दर चिठ्ठीवर प्रभूची एकेक शिकवण, त्यांच्या वळणदार अक्षरात. रविवारी उपासना झाली की प्रत्येकीनं एक उचलायची. दुसऱ्या शाळांतून वचनं पाठ करून घेत. बाईंना पाठांतराचा तिटकारा. "पोपट बी पाठ करतो," त्या म्हणायच्या. "वचन व्हटावर नगं, अंगावर पायजे. झंपरावानी घाला. शनवारी मला मळलेलं दिसलं पायजे."

आणि शनिवारी संध्याकाळी खरंच झडती व्हायची. 'झडती' हा बाईंचाच शब्द. लिंबाखाली आम्ही रांगेनं बसायचो आणि बाई एकेकीला विचारायच्या, "कुटं वापरलंस?" वापरलं नसेल तर नापास, आणि पुढच्या आठवड्याला तीच चिठ्ठी.

मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची, आणि खोडकरपणात अठरा जणींत पहिली. एकदा मला चिठ्ठी आली, शत्रूवर प्रेम करण्याची. शुक्रवार उजाडला तरी शत्रू मिळेना. शेवटी मी स्वतःच एक तयार केला. मार्था नावाची माझी मैत्रीण होती, अंगापिंडानं थोराड, मनानं लोणी. तिची फणी मी भुसाच्या पोत्यात लपवली. ती दिवसभर मोकळ्या केसांनी मला शोधत हिंडली, संध्याकाळी माझी वेणी धरून मला गदागदा हलवलं, आणि मग मी तिच्यावर प्रेम केलं. झडतीत बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शत्रू तू व्हतीस. प्रेम मार्थानं केलं, तुला जित्ती सोडलं. ती पास."

दुसरी माझी मैत्रीण कृपा. सगळ्यांत लहान, चिमणीएवढी. तिला चिठ्ठी आली तहानलेल्याला पाणी देण्याची. बिचारी घागर आणि लोटा घेऊन आठवडाभर गाडीवाटेच्या कडेला बसली. उन्हातून माणसं जात होती, घशाला कोरड पडलेली, पण आमच्या हातचं पाणी घेणार कोण? एकानं तर तोंड फिरवून गाडी हाकली. शनिवारी कृपा रडत झडतीला आली. "बाई, कुणीच न्हाई पेलं. नुसती एक म्हैस पेली."

"तहानलेली व्हती का?"

"लय व्हती."

"मग झालं की! पास!" बाई म्हणाल्या, आणि कृपाचं नाक आपल्या पदरानं पुसलं.

पण डब्यात एक चिठ्ठी अशी होती, की ती कुणालाच नको असायची. कुणी तुला जुलमानं एक कोस ओझं वाहायला लावलं, तर तू आपण होऊन दुसराही कोस जा, अशा अर्थाची. इतर ठिकाणच्या पोरींना ही गोष्ट शास्त्रातली वाटली असेल. आमच्या घरी ती रोजची होती. अंमलदार गावात आला की आमच्या बापांना, चुलत्यांना वेठीला धरत. वळकट्या वाहा, घोड्याला गवत आणा, लाकडं फोडा; मोबदला म्हणजे शिवी. बाईंच्या वडिलांचा जन्म त्यातच गेला होता. "माझ्या बापाच्या टाळूला केस नव्हते," त्या एकदा म्हणाल्या, "घट्टा व्हता." बाईंनी वडिलांबद्दल सांगितलेलं एवढंच.

"मग बाई, आणि वर दुसरा कोस कामून जायचा?" मार्थानं विचारलं होतं.

बाई म्हणाल्या, "पहिला कोस त्यो नेतोय. तवा तू बैल असतीस. दुसरा कोस तू जातीस. तवा तू माणूस. पहिला त्याचा, दुसरा तुजा. तुज्या कोसावर कुण्या अंमलदाराची सत्ता न्हाई."

ऐकायला छान वाटलं. पण चिठ्ठी नको ती नकोच.

त्या वर्षी पौषात ती मला आली. आणि एकदा नाही, झडतीत नापास होऊन होऊन लागोपाठ तीन आठवडे माझ्याकडंच राहिली, कारण माळावर मला वेठीला धरायला कुणी येईना!

त्याच पौषात बोर्डिंगवर टांगती तलवार होती. खासगी शाळा चालवायची तर सरकारचा इजाजतनामा, म्हणजे परवाना, लागे. बाईंनी अर्ज करून आठ महिने झाले होते. शेवटी निरोप आला की तालीमात, म्हणजे शिक्षण खात्याचे मोठे साहेब सोमवारी तपासणीला येतील. त्यांच्या मनात भरलं तर शाळा राहणार. नाही तर आम्ही अठरा जणी आपापल्या गावी. माझं गावी काय होणार हे ठरलेलंच होतं. मामानं एक बिजवर बघून ठेवला होता, त्याचा थोरला मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मला तर दवाखान्यात नर्सिंग शिकायला जायचं होतं. म्हणून त्या सोमवारसाठी मीसुद्धा प्रार्थना करत होते, आणि तीही डोळे मिटून.

बाईंनी आम्हाला तीस वेळा आदाब करायला शिकवला. भिंती पांढऱ्या मातीनं पोतारायला घेतल्या. खुर्चीचा अभ्रा दोनदा धुतला. आणि शनिवारी दुपारी मला, मार्थाला आणि कृपाला पिंगळी स्टेशनावर पाठवलं. मडमनं पाट्यांची पेटी पाठवायची होती, ती आणायला.

पेटी आली नव्हती. त्याच गाडीतून एक वयस्क, नाजूक प्रकृतीचे साहेब उतरले. काळी शेरवानी, रुमी टोपी, खोकला. त्यांच्यासाठी पाटलानं तट्टू पाठवलं होतं, पण सामानासाठी यायची ती गाडी आलेली नव्हती. साहेबांचा चपराशी इकडंतिकडं बघतो तो काय, तीन अनवाणी पोरी, रिकाम्या हातांच्या. हा चपराशी आपल्याच मुलखातला, पाथरीकडचा. पण कमरेला पट्टा बांधला की त्याला मराठी बोलायची लाज वाटे. "ए छोकऱ्यो! सामान उठाव! चावडीतक!"

मार्थाच्या डोक्यावर लोखंडी ट्रंक. माझ्या डोक्यावर वळकटी. कृपाच्या डोक्यावर साहेबांचं पितळी पानदान, कारण ती त्यापेक्षा फार मोठी नव्हती. तट्टू पुढं, आम्ही मध्ये, काठी घेतलेला चपराशी मागं. साहेब खोकत होते आणि दर शंभर पावलांवर वळून पाहत होते. आमच्याकडं नाही, पानदानाकडं.

खरं सांगते, त्या पहिल्या कोसात मला शास्त्रबिस्त्र काही आठवलं नाही. मान मोडत होती, डोळ्यांत घाम जात होता, आणि मागून काठी जमिनीवर टक टक आपटत होती. बाप आठवला. त्याला मी ओझं घेऊन येताना किती वेळा पाहिलं होतं, आणि किती वेळा खेळत बसले होते.

चावडी आली. साहेब उतरले. चपराशी म्हणाला, "रख्खो इधर." आणि त्याच क्षणी माझ्या झंपरातली चिठ्ठी मला टोचली.

"मार्था," मी म्हटलं, "खाली ठिवू नको. चल."

"कुटं?"

"पुढं. माजी चिठ्ठी!"

मार्थाला उमगायला जरा वेळ लागला. मग ती म्हणाली, "चिठ्ठी तुजी अन् मान माजी व्हय गं?" पण ट्रंक काही तिनं उतरवली नाही. म्हटलं ना, मनानं लोणी. कृपाला तर काही विचारायचंच नव्हतं. ती आमच्या आधीच चालू लागली होती. आम्ही तिघी चावडीवरून झपाझप पुढं निघालो.

"ए! कां जा रे? चावडी पीछे रह गई!"

"दादा, एक कोस झाला. आता दुसरा."

"दुसरा किसने बोला?"

"आमच्या प्रभूनं."

"कौन प्रभू? किस कचेरी में बैठता?"

त्यानं काठी उचलली, पण साहेबांनी हात वर केला. "ठहरो. लडकी, मेरा बिस्तर कहाँ जा रहा है?"

मला येत होती तेवढी सगळी उर्दू मी पणाला लावली. "और एक कोस, साहब. मुफ्त!"

साहेबांना बिस्तराचं एवढं नव्हतं. पण पानदान झुलत झुलत ज्वारीच्या रानात दिसेनासं व्हायला लागलं, आणि पानावाचून त्यांचा तास जात नसे. ते बिचारे पुन्हा तट्टावर चढले. अशी ती वरात निघाली. आता आम्ही पुढं, साहेब मागं! आणि बाई म्हणायच्या ते खरं निघालं. वळकटी तीच, वाट तीच, पण वजन गेलं. मला हसू येत होतं. मार्थानं तर उपासनेतलं गाणं सुरू केलं.

अर्ध्या वाटेत चपराशानं आम्हाला गाठलं. तो धापा टाकत होता. "मालूम है कौन हैं? तालीमात के बडे साहब हैं! इस्कूल तपासने आए!"

गाणं बंद पडलं.

सोमवारचे साहेब, दोन दिवस आधीच! ज्यांच्या एका सहीवर अठरा पोरी आणि एक बाई लटकत होत्या, त्यांचं अंथरूण मी पळवून नेत होते. बिजवराच्या मिशा मला डोळ्यांपुढं दिसल्या.

"परत फिरू," मार्था कुजबुजली. "पाया पडू."

तेव्हा चिमणीएवढी कृपा पानदानाखालून म्हणाली, "बाई विचारत्याल. दीड कोस शास्त्रात न्हाई."

आम्ही पुढं गेलो.

बोर्डिंगच्या भिंतीला शिडी लावलेली, शिडीवर बाई, आणि बाई कोपरापर्यंत पांढऱ्या मातीनं माखलेल्या. त्यांनी वरूनच पाहिलं. तीन पोरी, तीन ओझी, काठीवाला, तट्टू, शेरवानी. सगळं एका नजरेत ओळखलं त्यांनी. खाली उतरल्या. माझ्या डोक्यावरची वळकटी स्वतः उतरवली आणि माझ्या टाळूवर ओला तळवा ठेवून चोळत राहिल्या.

"कुणी धरलं?"

मी चपराशाकडं पाहिलं. बाईंनीही पाहिलं.  साहेब तट्टावरून उतरून लिंबाखाली उभे होते. बाईंनी आठ महिने ज्यांची वाट पाहिली ते हेच, हे त्यांना कळलेलं होतं. आता त्या तीस वेळा शिकवलेला आदाब करतील, माफी मागतील, आम्हाला रागावतील, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर, त्यांनी तसं करावं असंच मला वाटत होतं.

बाई आत गेल्या. मडमची खुर्ची घेऊन आल्या. धुतलेला अभ्रा, कडक इस्त्री. साहेब बसण्यासाठी एक पाऊल पुढं आले. बाईंनी खुर्ची लिंबाखाली मांडली, आणि तिच्यावर कृपाला बसवलं.

मग घंगाळात पाणी आणलं. गुडघे टेकून त्यांनी कृपाचे पाय धुतले. फुटलेल्या टाचा, काटे, काळी माती, सगळं. पदरानं कोरडे केले. मग मार्था बसली. मग मी. माझे पाय धुताना त्यांनी एकदाच वर पाहिलं, आणि मला वाटलं, बाई माझ्या बापाचे पाय धुतायत की स्वतःच्या बापाचे?

आणि मग बाईंनी चपराशाला हाक मारली. "दादा, या. बसा."

"मेरे कू? नक्को, नक्को!" तो मागं सरता सरता लिंबाच्या बुंध्याला टेकला. बाईंनी त्याचं मनगट धरून त्याला आणून बसवलं. "तुमी बी दोन कोस चाललाव न्हवं? अन् तुमाला बी कुणी तरी चालवलं म्हणूनच की."

पायावर पाणी पडलं तशी त्या गृहस्थाची दखनी उर्दू कुठल्या कुठं गेली. खाली मान घालून पुटपुटला, "राहू द्या ना, आक्का. पाप लागंल मला."

"पाप गेलं पान्यात," बाई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. हात पुसले. साहेबांकडं वळल्या. आम्ही तिघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले, कारण तो पवित्रा आम्हाला ठाऊक होता.

"साहेब," बाई म्हणाल्या, "तुमी तट्टावर आलाव, तुमचे पाय स्वच्छ हायेत. तुमाला मी नुसती क्षमा केली!"

त्या आवाजानं कोंबडे ओरडले. मी डोळे मिटले. गेला इजाजतनामा.

"माफी?" साहेब चकित होऊन म्हणाले. "मुझे? किस बात की?"

"त्याचा इचार तुमी करा. मी माजी करून ठिवली."

 साहेब विहिरीच्या काठावर बसले, कृपाकडून पानदान घेतलं आणि विडा लावला.  विडा तोंडात गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, की हा काय प्रकार होता?

पण उत्तर द्यायच्या आत शिट्टी वाजली. शनिवारची संध्याकाळ, झडतीची वेळ. साहेब आले म्हणून झडती पुढं ढकलायची? बाईंच्या डोक्यात ते आलंही नाही. आम्ही रांगेनं बसलो. पहिली मीच.

"कुटं वापरलंस?"

मी छाती फुगवून सगळं सांगितलं. जिंकलेच होते मी.

"प्रीतीनं गेलीस, का खोडीनं?"

आली का पंचाईत! साहेब ऐकत होते. प्रीतीनं म्हटलं असतं तर शाळेची शोभा राहिली असती. पण बाईंच्या त्या उघड्या डोळ्यांपुढं खोटं बोलायचं म्हणजे विहिरीत उडी मारणं सोपं. "खोडीनं," मी म्हटलं.

साहेब असे खदखदून हसले की विड्याचा ठसका लागला, आणि त्यांच्या पाठीवर चपराशाला थोपटावं लागलं.

"नापास," बाई म्हणाल्या. "तीच चिठ्ठी. मार्थाची चिठ्ठी नव्हती तरी गेली, कृपाची नव्हती तरी गेली. दोघी पास."

याला न्याय म्हणतात का? मी अजून विचारते.

अंधार पडायच्या आत साहेब चावडीकडं परत निघाले. मी वळकटी उचलायला वाकले तर साहेबांनीच ती तट्टावर टाकायला सांगितली. ट्रंक चपराशानं आपल्या डोक्यावर घेतली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पानदान साहेबांनी स्वतः काखेत धरलं. मोठे साहेब गाडीवाटेनं पायी निघाले, आणि त्यांचं अंथरूण तट्टावर बसून गेलं. बाई कुंपणाशी उभ्या राहून बघत होत्या. "चालू दे," म्हणाल्या. "खोकल्याला चालणं बरं."

सोमवारी तपासणी झाली. आमचं गणित दिव्य होतं, भूगोल त्याहून. साहेबांनी काही न बोलता लिहून घेतलं आणि गेले. दीड महिना आम्ही गाडीवाटेकडं डोळे लावून टपालाची वाट बघत होतो. मग सरकारी लिफाफा आला. आत सगळी उर्दू. बाईंनी तो खिशात घातला आणि आम्ही अठराच्या अठरा जणी त्यांच्यामागून दोन कोस पळत पिंगळीच्या स्टेशनमास्तरांकडं गेलो, कारण तेवढी उर्दू वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी चष्मा पुसून वाचलं आणि मराठीत सांगितलं, "मुली हिशेबात कच्च्या आहेत. एक कोस सांगितला तर दोन जातात. ही चूक दुरुस्त करू नये. इजाजत मंजूर."

बाईंनी शिट्टी फुंकली. इंजिनवाला गोंधळला आणि उभी असलेली गाडी अर्धा मिनिट आधी सुटली. त्याबद्दल स्टेशनमास्तर बाईंना खूप बोलले. बाईंनी त्यांना काय केलं असेल ते सांगायला नको.

पुढच्या शनिवारी मी पास झाले की नाही ते विचारू नका. एवढंच सांगते, की ती चिठ्ठी मी परत डब्यात टाकली नाही. चोरली. आधी जी नकोशी होती ती दुसऱ्या कुणाला निघालेली मला बघवली नसती. बाईंच्या लक्षात आलंच. कितीतरी रविवार त्या लिंबाखाली उभ्या राहून आभाळाकडं बघत गरजत, "चिठ्ठी जिच्याकडं हाय तिला मी क्षमा केली!" आणि मी तितक्याच वेळा वळून मार्थाकडं बघत असे, जणू काही तिचाच पराक्रम.

दोन वर्षांनी मी नर्सिंगला निघाले. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी. मी ती डोक्यावर घ्यायच्या आत बाईंनी घेतली. केस पिकले होते तोवर त्यांचे, पण चाल तीच. मी आपली मागून पळते आहे. चावडी आली. मी म्हटलं, "बाई, आता द्या. तुमी माघारी जा. लय झालं."

बाई थांबल्यासुद्धा नाहीत. "हा तर पहिला झाला," म्हणाल्या.

पिंगळीच्या फलाटावर त्यांनी पेटी डब्यात चढवली, खिशातून ज्येष्ठमधाची काडी काढून माझ्या हातात दिली. आशीर्वाद नाही, डोळ्यांत पाणी नाही. मी खिडकीत बसले. सगळं किती नीट, किती शोभेसं चाललं होतं! गाडी हलली आणि बाई एकदम खिडकीबरोबर चालू लागल्या. "पेटीत खाली, लुगड्याच्या घडीत ठिवलीस न्हवं चिठ्ठी?"

मी पेटी पायानं बाकाखाली सरकवली.

गाडीनं वेग घेतला. फलाट संपला तिथं उभ्या राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून, भरगच्च डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, "क्षमा केली गं मी तुला!"

डब्यातली सगळी माणसं माझ्याकडं बघू लागली. समोरच्या म्हातारीनं आपलं गाठोडं जवळ ओढलं. पुढं तीन स्टेशनं माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. मी ऐसपैस, रडत आणि हसत, ज्येष्ठमध चघळत गेले.